नाव तेच, पण बोलायचं कुठं?

२००५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवी पेठेजवळच्या एका बोळात गेम पार्लर होतं. तीन टीव्ही, तीन प्लेस्टेशन टू, तासाला वीस रुपये. बहुतेक पोरं क्रिकेट नाहीतर कुस्तीचे गेम खेळायला यायची. आम्ही दोघं मात्र एका नावासाठी गेलो होतो. आदल्या दिवशी तिथल्या डिस्क चाळताना माझ्या मित्राला एका कव्हरवर 'फॉलआउट' असं लिहिलेलं दिसलं होतं. पुढं 'ब्रदरहूड ऑफ स्टील' असंही होतं, पण ते आम्ही मनावर घेतलं नाही. फॉलआउटचा नवा भाग आला आणि तो आपल्या सोलापुरात पोचलाही, एवढंच आम्हाला पुरेसं होतं.

या मालिकेचे पहिले दोन भाग आम्ही मित्राच्या घरी कॉम्प्युटरवर खेळलो होतो. घर पूर्व भागात, खाली त्यांचे चादरीचे माग, वर माळ्यावर कॉम्प्युटर. मागांच्या खडखडाटात गेममधलं संगीत ऐकूच यायचं नाही. भारनियमनामुळं वीज कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून दर दहा मिनिटांनी गेम सेव्ह करायची सवय लागली होती. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश कायम उघडा. त्याच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, आणि इंग्रजी दोघांचीही बेताचीच. तरी त्या गेममधलं एकेक वाक्य आम्ही अर्थ लावून वाचायचो, कारण आपण काय बोलतो यावर पुढचं सगळं ठरायचं.

पार्लरमध्ये दोन तासांचे पैसे भरले. तीन पात्रांतून एक निवडायचं, गावातून बाहेर पडायचं आणि समोर येईल त्याला मारत सुटायचं. कुणी भेटलाच तर ठरलेली चार वाक्यं. आपण कोणतंही उत्तर निवडा, गोष्ट जिथं जायची तिथंच जाते. जुन्या काळच्या गाण्यांच्या जागी कर्कश मेटल संगीत होतं. 'नुका-कोला' या मालिकेतल्या कल्पित पेयाच्या जागी तर बाजारात मिळणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या पेयाची जाहिरात होती. पंधरा मिनिटांनी मित्रानं कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हे काय बे? ह्यात बोलायचं कुठं?"

गेली वीस वर्षं मी हाच प्रश्न घेऊन भांडतो आहे. एखाद्या लाडक्या आरपीजी मालिकेचा, म्हणजे पात्र घडवत, बोलत, निवड करत खेळायच्या गेमचा, नुसता हाणामारीचा गेम केला की जुने चाहते चिडतात. त्यावर ठरलेलं उत्तर असतं : 'तुम्हाला बदल सोसत नाही, तुम्ही लहानपणाच्या आठवणींना चिकटून बसलात.' हे उत्तर चुकीचं आहे. चाहत्यांचं काय गेलं हे त्यात समजूनच घेतलेलं नाही.

ते काय होतं हे पहिल्या फॉलआउटवरूनच सांगतो. १९९७ साली आलेला हा गेम. अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या एका निवाऱ्यात, व्हॉल्ट १३ मध्ये, तुमचं पात्र वाढलेलं असतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते आणि नवी चिप शोधून आणायला तुम्हाला १५० दिवस मिळतात. सुरुवातीलाच पात्राचे सात गुण ठरवायचे असतात. ताकद, निरीक्षण, चिवटपणा, बोलण्याची छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब. हे आकडे नुसते शोभेचे नव्हते. बुद्धी चारच्या खाली ठेवलीत तर पात्राला धड वाक्यही बोलता येत नाही. लोक तुमच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात, काही जण हाकलून देतात. आम्ही एकदा मुद्दाम तसं पात्र घेऊन खेळलो. सुरुवातीला हसलो, पण नंतर हसू येईना. ज्या गावात आधी आम्हाला मान मिळाला होता, तेच लोक आता कसे वागतात हे पाहून माझा मित्र गप्प झाला. त्याच्या चुलत्याला बोलताना अडखळायला व्हायचं.

आणि शेवट. या गेमचा खलनायक म्हणजे 'मास्टर'. सगळ्या माणसांना एकाच जातीच्या म्युटंटमध्ये, म्हणजे शरीर पालटलेल्या नव्या प्राण्यांत, बदललं की भांडणं संपतील, जगात एकी येईल, असं तो मनापासून मानतो. तुमच्याकडं चांगली बंदूक असेल तर त्याला मारता येतं. पण तुम्ही आधी नीट शोध घेतला असेल, ब्रदरहूड या गेममधल्या संघटनेतल्या एका संशोधक बाईनं केलेल्या तपासणीचा पुरावा मिळवला असेल, तर त्याच्यासमोर उभं राहून त्याला सांगता येतं, की तुझ्या म्युटंटना मूलबाळ होऊ शकत नाही, तुझी ही नवी जात एका पिढीत संपणार आहे. तो पुरावा पाहतो. त्याला पटतं. आपण इतक्या लोकांचं जे केलं ते फुकट गेलं, हे कळल्यावर तो स्वतःच सगळं संपवतो आणि तुम्हाला निघून जायला वेळ देतो. त्याच्यावर एकही गोळी न झाडता गेम जिंकता येतो. आम्ही त्या रात्री माळ्यावरून खाली उतरलो तेव्हा माग बंद झाले होते आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

शाहीर राम जोशी सोलापूरचे. सवाल-जवाब म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समोरच्याला शब्दांत अडवायचं, त्याच्याच बोलण्यातून त्याला निरुत्तर करायचं, यातला आनंद आपल्या रक्तात आहे. फडावरून सवाल-जवाब काढून टाकला आणि नुसती ढोलकी ठेवली, तर ढोलकी कितीही चांगली वाजो, प्रेक्षक उठून जाईल. त्याला ढोलकी आवडत नाही असा त्याचा अर्थ लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

फॉलआउटच्या बाबतीत तर आणखी वाईट घडलं. मालिका ज्यांच्या हातून वाढली, त्या ब्लॅक आइल स्टुडिओत तिसऱ्या भागाचं काम सुरू होतं. 'व्हॅन ब्युरेन' हे त्याचं कामापुरतं नाव. इंटरप्ले ही मालक कंपनी पैशाच्या अडचणीत होती. डिसेंबर २००३ मध्ये तिनं ब्लॅक आइल बंद केला आणि व्हॅन ब्युरेनही तिथंच थांबला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००४ मध्ये, 'ब्रदरहूड ऑफ स्टील' कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर, बाजारात आला. म्हणजे ज्या गेमची लोक पाच वर्षं वाट पाहत होते तो रद्द झाला आणि त्याचं नाव दुसऱ्याच मालाला लागलं. हे आम्हाला पार्लरमध्ये बसलो तेव्हा माहीत नव्हतं. पुढं कळलं तेव्हा राग दुप्पट झाला.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर मागावर काम केलं. त्यांना बाजारात चादर दाखवली की ते आधी ती उलटी करतात. आपल्या जॅकार्डच्या चादरीत नक्षी ताण्या-बाण्यातच विणलेली असते. ती दोन्ही अंगांनी उठते, फक्त रंग उलटे होतात. वरच्या अंगाला लाल जमीन आणि पांढरा मोर असेल तर खालच्या अंगाला पांढरी जमीन आणि लाल मोर. बाहेरगावी 'सोलापुरी चादर' म्हणून भलतंच कापड खपवलं जातं हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वडील एकदा एका लग्नाला परगावी गेले होते. तिथं आहेरात आलेली एक 'सोलापुरी' चादर त्यांनी उलटी केली, हात फिरवला आणि काही न बोलता घडी घालून ठेवली. घरी आल्यावर म्हणाले, "पांघरायला वाईट नाही. पण मग आपलं नाव कशाला लावलं?"

मला या वादात याहून नेमका मुद्दा अजून सापडलेला नाही. ते कापड निकृष्ट होतं असं वडील म्हणत नव्हते. सोलापुरी चादर म्हटल्यावर घेणाऱ्याच्या मनात काहीतरी ठरलेलं असतं. ते इथल्या मागांवर, इथल्या हातांनी, वर्षानुवर्षं काम करून तयार झालेलं असतं. दुसऱ्यानं ते नाव चिकटवलं की तो आपला माल त्या विश्वासावर विकतो. म्हणून तर चादरीला भौगोलिक मानांकन मिळवावं लागलं. गेमच्या नावाला असं मानांकन नाही. ज्याच्याकडं कागद, त्याची मालकी. २००७ मध्ये बेथेस्डा या कंपनीनं फॉलआउटचे हक्क साडेसत्तावन्न लाख डॉलरला विकत घेतले. नावाला एवढी किंमत येते ती कशामुळं? कुणीतरी आधी ते नाव विश्वासाचं केलेलं असतं, म्हणून. त्या विश्वासात खेळणाऱ्यांचाही वाटा असतो, मग खरेदीखतात त्यांचं नाव असो वा नसो.

इथं कुणी मला विचारेल, आणि विचारायला हवंच, की तुमच्या त्या डिस्क तरी विकत घेतलेल्या होत्या का? नव्हत्या. पुण्याहून कुणीतरी कॉपी करून आणलेल्या होत्या. सोलापुरात तेव्हा मूळ डिस्क मिळायची सोय नव्हती आणि मिळाली असती तरी आमच्याकडं तेवढे पैसे नव्हते. नोकरी लागल्यावर मी हे सगळे गेम रीतसर विकत घेतले. पण माझा हक्क त्या पावतीतून आला असं मला वाटत नाही. ज्यानं शब्दकोश घेऊन एकेक वाक्य वाचलं, त्यानं त्या गोष्टीला वेळ दिला, मन दिलं. त्याला दुखतं तेव्हा ते खरंच दुखतं.

दुसरा आक्षेप असतो तो कन्सोलबद्दलचा, आणि तो बऱ्याचदा आपल्याच बाजूचे लोक घेतात. 'कन्सोलवर गेला की गेमचं वाटोळं होतं', 'कंट्रोलरवाल्यांना वाचता येत नाही'. मला हे बोलणं कधीच पटलं नाही. त्या पार्लरमध्ये येणारी पोरं यंत्रमागावरच्या, विडी वळणाऱ्या घरांतली होती. कॉम्प्युटर घेणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं, वीस रुपये होते. त्यांच्या हातात फॉलआउट म्हणून फक्त हाणामारी आली, यात नुकसान त्यांचं जास्त झालं. आम्ही निदान खरा गेम पाहिला होता. त्यांना कुणी मास्टरशी बोलू दिलंच नाही. कन्सोलवरच्या माणसाला गोष्ट नको असते, निवड नको असते, हे कंपनीनं परस्पर ठरवून टाकलं. मला राग आहे तो या ठरवण्याचा.

बाल्डर्स गेटचं उदाहरण घ्या. १९९८ आणि २००० चे मूळ दोन भाग कॉम्प्युटरवर आले. सोबत्यांची टोळी, मधेच थांबवून हुकूम द्यायची लढाई, आणि पानंच्या पानं भरतील असे संवाद. २००१ मध्ये प्लेस्टेशन टूवर 'डार्क अलायन्स' आला. तो निव्वळ तलवारबाजीचा होता. सांगायला हवं की तो चांगला गेम होता. हात चपळ लागायचा, दोघांना मिळून खेळता यायचा, चित्रंही देखणी होती. मी तो आवडीनं खेळलो. दुसऱ्या नावानं आला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. मग बावीस वर्षांनी, २०२३ मध्ये, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओनं 'बाल्डर्स गेट ३' काढला. पाळीपाळीनं लढायचं, प्रत्येक गावकऱ्याशी बोलायचं, फासा टाकून नशीब आजमावायचं. सगळं जुन्या वळणाचं. ऑगस्टमध्ये तो कॉम्प्युटरवर आला, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर, आणि त्या वर्षीचे बहुतेक मोठे पुरस्कार त्यानंच नेले. कंट्रोलर हातात धरून लोक शंभर-शंभर तास संवाद वाचत बसले. दोन दशकं आम्हाला सांगितलं गेलं होतं की हे चालत नाही.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही. हाणामारीचा गेम जास्त खपतो, कंपनी जगली तर मालिका जगेल, असं म्हटलं जातं. कधी कधी ते खरंही ठरतं. 'फायनल फँटसी' या आरपीजी मालिकेचा सोळावा भाग पूर्ण अ‍ॅक्शन झाला तरी पहिल्या आठवड्यात त्याच्या ३० लाख प्रती गेल्या. पण ब्रदरहूड ऑफ स्टीलनं इंटरप्लेला वाचवलं नाही, त्याचा दुसरा भागही रद्दच झाला. 'ड्रॅगन एज'चं ताजं उदाहरण आहे. २००९ च्या पहिल्या भागात लढाई थांबवून चौघांना वेगवेगळे हुकूम देता यायचे. २०२४ च्या 'व्हेलगार्ड'मध्ये आपण एकटेच पळत, उड्या मारत लढतो आणि सोबती मदतीपुरते. कंपनीनंच जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की खेळणारे १५ लाखांच्या आसपास आहेत आणि ते अपेक्षेच्या जवळपास निम्मेच आहेत. एका आकड्यावरून सगळं सिद्ध होत नाही. गेम न चालण्याला दहा कारणं असतात. पण 'अ‍ॅक्शन केलं की खपतंच' हे गृहीत धरून जुन्या माणसांना गप्प बसवू नये, एवढं तर त्यातून नक्की दिसतं.

मी बदलाच्या विरोधात नाही, आणि हे सांगायला माझ्याकडं एक उलटं उदाहरण आहे. जपानची 'याकुझा' मालिका रस्त्यावरच्या मारामारीची. २०२० मध्ये तिचा सातवा भाग एकदम पाळीपाळीनं खेळायचा आरपीजी होऊन आला. म्हणजे आमच्या दुःखाच्या बरोबर उलट दिशा. जुने चाहते तिथंही धास्तावले. पण त्या लोकांनी काय केलं पाहा. आधीच्या नायकाची गोष्ट त्यांनी सहाव्या भागात संपवली होती. आता नवा नायक आणला, आणि तो लहानपणापासून आरपीजी खेळत वाढलेला, त्यामुळं त्याला रस्त्यावरची भांडणं तशीच दिसतात. बदलाला गोष्टीत कारण दिलं. आणि ज्यांना हातापायीच हवी होती त्यांच्यासाठी 'जजमेंट' ही वेगळ्या नावाची मालिका त्याच स्टुडिओनं सुरू ठेवली. जुन्या माणसाला दाराबाहेर काढलं नाही आणि नव्याला आत घेतलं. याला मी प्रामाणिक बदल म्हणतो.

मग कंपन्यांकडून मागायचं ते काय? अ‍ॅक्शन गेम जरूर काढा, पण तो दुसऱ्या नावानं काढा. नाव जुनं लावायचं असेल तर त्या नावाचा जीव कशात आहे ते आधी शोधा आणि त्याला हात लावू नका. लढाई जलद करा, कॅमेरा बदला, चित्रं बदला. २००८ मध्ये बेथेस्डानं फॉलआउट ३ काढला तेव्हा तो वरून बघायचा न राहता डोळ्यांच्या पातळीवरचा झाला, आणि मीही तेव्हा फार चिडलो होतो. नंतर शांतपणे खेळलो. ते सात गुण त्यात होते, बोलणं थोडं पातळ झालं होतं, पण होतं. माझा बराचसा राग उतरला. कॅमेऱ्यावर उगाच इतकं भांडलो असं आज वाटतं.

आणि चाहत्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. गेम बनवणाऱ्यांना शिव्या घालणं, त्यांच्या घरच्यांपर्यंत जाणं, धमक्या देणं, हे करणारे स्वतःला चाहते म्हणवून घेतात. ते आपलं म्हणणं नासवतात. नाव कुठं लावायचं हे प्रोग्रॅमर किंवा लिहिणारा ठरवत नाही. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारावर राग काढणारा माणूस मूर्ख ठरला असता. ब्लॅक आइलमधले लोक त्या डिसेंबरात घरी बसले. जे हरवलं त्याचं दुःख त्यांना आपल्यापेक्षा कमी झालं असेल का? ब्लॅक आइलमध्ये पूर्वी काम केलेले काही जण ऑब्सिडियन नावाच्या स्टुडिओत एकत्र आले, आणि २०१० मध्ये त्यांनी 'फॉलआउट : न्यू वेगास' लिहिला.

तो आम्ही २०११ मध्ये खेळलो, मित्राच्याच घरी, त्याच माळ्यावर. आता माग तो सांभाळत होता. जुना कॉम्प्युटर कधीच गेला होता, त्याच्या जागी त्यानं सेकंडहँड घेतलेला प्लेस्टेशन थ्री होता. दिवसभर सूतवाल्याशी, ट्रान्सपोर्टवाल्याशी घासाघीस करून आलेला हा माणूस रात्री गेममध्येही प्रत्येक लेव्हलचे गुण सौदेबाजीवर घालायचा. मी म्हणायचो, बंदुकीवर घाल, शेवटी मरशील. तो ऐकायचा नाही.

शेवटी हूव्हर धरणावर लॅनियस नावाचा सेनापती समोर येतो. मुखवटा घातलेला, प्रचंड, सगळे ज्याच्या नावानं थरथरतात असा. मित्राच्या पात्राकडं धड शस्त्र नव्हतं, पण सौदेबाजी पूर्ण शंभरावर गेलेली होती. त्यानं बोलायला सुरुवात केली. इतक्या लांब सैन्य आणलंस, त्याला रसद कुठून पुरवणार? हे धरण घेशील, पण इथून पुढचा मुलूख सांभाळायला माल कसा येणार, कुठल्या रस्त्यानं? एकेक वाक्य तो मोठ्यानं वाचत होता. शब्दकोश आता लागत नव्हता. सेनापती ऐकत गेला, अडखळला आणि सैन्य घेऊन परत फिरला.

मित्रानं कंट्रोलर खालच्या चादरीवर ठेवला. "गाडीभाडं परवडलं नाही बे त्याला," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते.